पिवळ्या साडीचा सिनेमा

पाचव्या सिनेमापासून दुसऱ्यापर्यंत सांगून झालं आणि शिदू थांबला. कौमुदीने कागदावर एकचा आकडा घालून पुढची जागा कोरी ठेवली होती.

कौमुदी लोणावळ्याच्या एका वाचनालयात काम करायची. गावातलं जुनं थिएटर पाडलं, तेव्हा तिथल्या जुन्या माणसांच्या मनात कायमचे राहिलेले पाच सिनेमे क्रमाने लिहून घ्यायचे आणि फलकावर लावायचे, असं तिच्या मनात आलं. डोअरकीपरने दिले, मध्यंतरातल्या वडेवाल्याने दिले. आज ती भाजे गावात शिदूच्या ओट्यावर येऊन बसली होती. शिदूने थिएटरची पोस्टरं चिकटवण्यात पंधरा वर्षं घालवली होती. दर गुरुवारी, सायकलवरून, वलवणपासून मळवलीपर्यंत.

पण शिदूची तऱ्हाच न्यारी. त्याने सिनेमे फारसे पाहिले नव्हते आणि वाचता तर येतच नव्हतं. पोस्टरला दोन्ही हात लागत, म्हणून खळीचा डबा धरायला तो रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही हाक मारी. डबा कोणी धरला, त्यावरून त्याला सिनेमा आठवे. पाचवा वाघाचा, तेव्हा डबा स्टेशनमास्तरांनी धरला होता. चौथा दोन भावांचा, तेव्हा एका नवरदेवाने, मुंडावळ्यांसकट. तिसऱ्याला एक हवालदार. आणि दुसरा झोपाळ्याचा. तेव्हा डबा त्याच्या बायकोने, बायाने धरला होता, लग्नाच्या आधी. खळ तिच्या साडीवर सांडली आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

"बगा की ताई," आतून बाया म्हणाली. "आदी मीच पयली व्हते. एकाएकी दुसरी झाले. ती पयली सटवी कोन, ते इतक्या वर्सांत सांगितलं न्हाई ह्यांनी."

कौमुदी हसली. शिदू हसला नाही.

"पिवळ्या साडीचा," तो म्हणाला. "तीन दिस चालला. कुनी बगितला न्हाई. मीबी न्हाई."

"मग तो पहिला कसा, आबा? आवडला कशामुळे?"

"आवडला कुटं म्हनलं मी? मनात ऱ्हायलेला सांगा म्हनला न्हवं तुमी?"

मग शिदूने सांगायला घेतलं. मळवली स्टेशनच्या वाटेवर बंद पडलेल्या भातगिरणीची भिंत होती. दिवस निवडणुकीचे होते. भिंतीवर रोज नवी तोंडं लागत. त्या गुरुवारी शिदूच्या ठरलेल्या जागेवर कोणीतरी एक कागद डकवला होता, वर एका बाईचा फोटो. ही पण उभी राहिलेली दिसते, असं शिदूला वाटलं. त्याने धड पाहिलंही नाही. फोटोवर खळ फासली आणि वरून पिवळी साडी चढवली.

शनिवारी तो तिकडून जात होता, तर पँट-शर्टातला एक माणूस नखांनी ते पोस्टर खरवडत होता. शिदूचं डोकं फिरलं. सायकल टाकून त्याने माणसाची गचांडी धरली. माणूस भांडला नाही. एवढंच म्हणाला,

"याच्याखाली माझी आई आहे."

केशव नाव त्याचं, तळेगावचा. आई विसरभोळी झालेली. बुधवारी गाडीत बसली आणि कुठे उतरली ते कोणालाच कळलं नाही. त्याने त्याच संध्याकाळी स्टेशना-स्टेशनाबाहेर आई हरवल्याचे कागद लावले होते. मळवलीचा कागद एक दिवसही उघडा राहिला नव्हता.

शिदूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोघांनी पाणी मारून पोस्टर सोडवलं. फोटो पोस्टरच्या पाठीलाच चिकटून आला. शिदूने तो हातात घेऊन पुन्हा पुन्हा पाहिला.

"कुठे पाहिलंत का हिला?" केशवने विचारलं.

"न्हाई," शिदू म्हणाला.

म्हातारी कधीच सापडली नाही. महिन्याभरात शिदूने काम सोडलं. अजूनही स्टेशनला जायचं झालं, तर तो ती भिंत टाळून शेताच्या बांधावरून जातो. पिवळ्या साडीची कोणी बाई समोरून आली, तरी तो मान खाली घालतो.

कौमुदीने कागद मिटला. "आबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं. यात तुमची काय चूक?"

शिदूने मान हलवली, पण ती होकाराची नव्हती.

बाया पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली होती. सटवी हा शब्द तिच्या तोंडून केव्हाच पळाला होता. तिने हळूच विचारलं, "आन त्या येळंला डबा कुनी धरला व्हता?"

शिदू तिच्याकडे वळला.

"त्याच म्हातारीनं," तो म्हणाला. "वाटंनं चालली व्हती, मीच हाक मारली. पोस्टराचा कोपरा सुटत व्हता. थांब बाळा, म्हनली, आन तिनंच अंगठ्यानं दाबून बसवला."