गळका डोळा

"घशात खारट लागलं का?" सर्जनबाईंनी विचारलं.

"नाही," खुर्चीतली म्हातारी म्हणाली, आणि तिने घोट गिळला.

सर्जनबाईंनी तो पाहिला. पापणीच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रातून त्यांनी मिठाचं पाणी सोडलं होतं. वाट बंद असती तर ते उलटून डोळ्यात आलं असतं. एक थेंब आला नव्हता. त्याआधी डोळ्यात घातलेला पिवळा रंगही केव्हाच नाकात उतरून गेला होता. नाकाच्या हाडातून त्यांनी स्वतः काढलेली अश्रूंची नवी वाट लख्ख मोकळी होती. तरी ही बाई तिसऱ्यांदा येऊन तेच सांगत होती. डोळा गळतो.

अशा शस्त्रक्रियांचे निकाल काय लागतात, याचा सर्जनबाई अभ्यास करत होत्या. वाट मोकळी हवी आणि पेशंटची तक्रार नको, तरच यश म्हणायचं, हा नियम त्यांनीच घातला होता. आता तो त्यांच्याच अंगाशी आला होता.

"आजी, डोळा ठणठणीत आहे. पाणी घशात उतरलं, तुम्ही गिळलंत. मग हे कशाला?"

म्हातारीने दाराकडे पाहिलं. ते लावलेलं होतं. बाहेर बाकावर तिचा नवरा बसला होता.

"ह्यांना सांगा, ऑपरेशन फसलं."

"का?"

म्हातारीने चष्मा मांडीवर ठेवला. मग सगळं एका दमात सांगितलं. त्यांची एकुलती एक लेक दूरच्या शहरात प्रयोगशाळेत होती. विषाणूवर औषध शोधायची. हजारो रसायनं तपासावीत तेव्हा एखादं त्याला अडवतं, असं सांगायची. गेल्या वर्षी साथीत तीच गेली. त्याच आठवड्यात ह्यांना हृदयाचा झटका आला होता. मोठा धक्का सोसणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. लेकीच्या मामाने तिकडे जाऊन सगळं उरकलं. हे दवाखान्यातून घरी आल्यावर हिने ह्यांना सांगितलं, पोरगी बंदिस्त विभागात आहे, आत फोन नेऊ देत नाहीत, रात्री उशिरा बाहेर येते, तुम्ही झोपलात की तिचा फोन येतो.

"आणि त्यांना पटलं?"

"एकदाही हट्ट धरला नाही हो. भोळा माणूस."

डोळा आधीपासूनच गळत होता. त्याचा मोठा आधार झाला. जेवताना, भाजी चिरताना, ह्यांच्या शेजारी बसूनसुद्धा रडता यायचं. कोणी विचारत नसे.

"आणि दुसरा डोळा?"

"तो पटकन पुसायची. एकच सांभाळायचा होता." ती जराशी हसली. "मग कोपऱ्यात पू झाला, तुमच्याकडे यावंच लागलं. तुम्ही बरं केलंत आणि माझी पंचाईत झाली. आता पाणी दिसलं तर विचारतील ना, का रडतेस म्हणून. मी काय सांगू?"

सर्जनबाईंनी आजवर कुणाला निकाल खोटा सांगितला नव्हता. त्या उठल्या आणि दार मागे ओढून बाहेर गेल्या.

म्हातारा लगबगीने उभा राहिला. "काय म्हणतो आमच्या घरातला नळ?"

"गळणार, आजोबा. बहुतेक कायमचाच. आमच्याकडून नाही जमलं."

त्याने मोठा श्वास सोडला. खांद्यावरचं ओझं उतरावं तसा तो बाकावर टेकला.

"बरं झालं."

त्याला नीट ऐकू आलं नसावं, असं सर्जनबाईंना वाटलं. त्या पुन्हा सांगणार, तोच त्याने हात वर केला.

"मध्यंतरी आमच्या पेपरात एक चौकोन कापलेला होता. कात्री हिचीच. मी दाढीला गेलो तेव्हा सलूनमध्ये तोच पेपर होता. लेकीच्या औषधाची बातमी होती. माणसांवर चाचणी सुरू झाली म्हणे. 'हे बघायला ती असायला हवी होती,' असं तिचे साहेब म्हणाले होते." त्याने गालावरून हात फिरवला. "दाढी अर्धी राहिली होती. न्हाव्याला म्हटलं, साबण गेला डोळ्यात."

सर्जनबाई त्याच्या शेजारी बसल्या.

"तिला कळू देऊ नका. मला माहीत आहे हे कळलं, तर माझ्या काळजीनेच जाईल ती. तिचं ते फोनचं खोटं मी रोज ऐकून घेतो. ऑपरेशन ठरलं तेव्हा धास्ती पडली होती, आता ही रडणार कुठे?"

त्याने चष्मा काढला. दोन्ही डोळे लाल होते.

"डॉक्टर, तिला एवढंच सांगाल का, की हा आजार घरातल्या दुसऱ्यालाही लागतो?"