बावन्न टक्क्यांचा फरक

फरक बावन्न टक्के निघाला. यापेक्षा छत्तीसचा आकडा परवडला असता.

एकाच प्रथिनाचे दोन स्फटिक, एक कोरा आणि एक औषधात भिजवलेला. दोघांवर क्ष-किरण सोडून उमटलेल्या हजारो ठिपक्यांची तीव्रता मोजली होती. दोन्ही मोजण्या पंधरा-वीस टक्क्यांच्या आत जुळल्या, तरच औषध नेमकं कुठे चिकटतं ते कळणार होतं. हे काम करणाऱ्या संशोधक मुलीची शिष्यवृत्ती महिन्याभरात संपत होती आणि नवा स्फटिक वाढायला सहा महिने लागले असते.

"भिजवताना बिघडलाय. टाकून दे," बाई म्हणाल्या. प्रयोगशाळा त्यांची, आणि त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

दुसरी कुणी मान खाली घालून उठली असती. ही जागची हलली नाही.

"बाई, बिघडलेला स्फटिकसुद्धा थोडाफार जुळतो. हा अजिबातच जुळत नाहीये. आणि ठिपके तर स्वच्छ आहेत, स्फटिकाच्या मूळ चौकटीच्या बाजूंची लांबीही तीच."

"मग?"

"या चौकटीच्या तीनपैकी दोन बाजू सारख्याच लांबीच्या आहेत. जुळ्या बहिणींतली थोरली कोण, हे संगणकाने एकदा एक ठरवलं आणि दुसऱ्यांदा दुसरंच."

तिने दुसऱ्या मोजणीत त्या दोन बाजूंची अदलाबदल केली, तिसरीची दिशा उलटवली आणि हिशेब पुन्हा लावला. चौदा टक्के.

दोन्हींतला फरक नकाशावर काढला, तर प्रथिनाच्या खोबणीत औषधाचा रेणू बसलेला दिसला, बोट ठेवून दाखवावा इतका स्पष्ट. पोरीने कमाल केली होती. डोकं तर तिला होतंच, पण बाईंसमोर बसून नाही म्हणायला जी छाती लागते ती तिने कुठून आणली कोण जाणे.

बाईंनी हिशेब स्वतः पुन्हा एकदा लावून पाहिला.

"शाब्बास. हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं."

मग त्यांनी फोन उचलला. पाच वर्षांपूर्वी याच प्रथिनावर काम करणारा एक विद्यार्थी होता. त्याच्याही मोजण्या जुळेनात, तेव्हा 'तुझ्या हाताला हे काम जमायचं नाही' म्हणून बाईंनीच त्याला घरी पाठवलं होतं. आता तो कुठल्याशा शाळेत शिकवत होता.

"मी बाई बोलतेय," त्या म्हणाल्या. पलीकडचं बोलणं त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतलं. "रागाव, तुझा हक्क आहे. फक्त एवढं सांग, त्या मोजण्या टाकल्या नाहीस ना रे?"