एक घर बाजूला

अंबादास आणि मी निवृत्तीनंतर रोज सकाळी भंवरताल बागेत बुद्धिबळ खेळायचो. सापळा लावताना तो हमखास नाटक करायचा. चेहरा पाडायचा, हात थरथरल्यासारखा करायचा, म्हणजे समोरच्याला वाटावं, याची चाल चुकली. नोकरीतल्या डावांपासून चाळीस वर्षं मी फसत आलो.

त्या दिवशी त्याने वजीर सरळ माझ्या हत्तीच्या तोंडी ठेवला. "पंत, चुकलं वाटतं," म्हणाला. या वेळी फसायचं नाही असं ठरवून मी वीस मिनिटं पटावर वाकून सापळा शोधत बसलो. वजीर मारला तरी मात, नाही मारला तरी मात, असंच दिसत होतं. शेवटी हार मानून राजा आडवा केला आणि हात पुढे केला.

त्याचा हात आलाच नाही. बाकाला टेकून बसल्या बसल्या तो गेला होता.

बागेतले लोक अजून वजिराच्या त्या बलिदानाबद्दल बोलतात. "जाते-जाते भी जीत गए दादा," म्हणतात.

काल माझ्या नातीने, सलोनीने, तो डाव मोबाईलवर मांडून पाहिला.

"आजोबा, यात अटॅक नाहीच आहे. वजीर एक घर बाजूला असता ना, तर सात चालींत मात होती. इथे तो फुकट गेला. हात हिलला असेल त्यांचा."



वजीर ठेवताना त्याचा हात थरथरलेला मी पाहिला होता. "अंबादास, काय नाटक करून राहिला तू," म्हणालो होतो, आणि त्यानंतर वर पाहिलंच नाही.