‘ज’ अडतो

"पाय टेकले पाहिजेत गं. पाय लोंबकळले की श्वास नीट घेता येत नाही," आई म्हणाली आणि तिने मुंगीच्या पायांखाली बुटांचं रिकामं खोकं सरकवलं.

मुंगी आठ वर्षांची. बोलायला लागली की गाडी अडायची, आणि ‘ज’ आला की रुतूनच बसायची. दर मंगळवारी चार वाजता लॅपटॉपवर स्पीच थेरपीच्या मॅडम यायच्या, पण आईची लगबग तीनपासूनच. पडदा अर्धा ओढायचा, म्हणजे तोंडावर उजेड येतो आणि डोळे दिपत नाहीत. फ्रिजची घरघर ऐकू जाते म्हणून स्वयंपाकघराचं दार लोटायचं. कोमट पाणी, चित्रांची कार्डं, ओठ बघायला हातआरसा. शेवटी बाबांची खुर्ची, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी, भिंतीला लागून.

मंगळवारी बाबा मुद्दाम लवकर घरी येत. लॅपटॉप तेच उघडत आणि पासवर्ड टाकताना आईला पाणी आणायला पाठवत. आवाज म्हणून कधी चढवायचे नाहीत. आईचा फोन बिघडला म्हणून ते घेऊन गेले, तो आठ महिने झाले तरी दुरुस्तच होत होता! ऑफिसला जाताना दाराला बाहेरून कुलूप, तेही म्हणे काळजीपोटी. मुंगीला शाळेत तेच सोडायचे, तेच आणायचे. आठ महिन्यांत आई खालच्या रस्त्यापर्यंतसुद्धा गेली नव्हती, मग सख्ख्या बहिणीकडे, मुंगीच्या मावशीकडे जाणं तर लांबच. शेजाऱ्यांना ठरलेलं उत्तर होतं, तब्येत नाजूक आहे तिची.

अशात मुंगीचं बोलणं अडायला लागलं. शाळेने चिठ्ठी पाठवली, तेव्हा कुठे बाबांनी ऑनलाइनला मान डोलावली.

"वर्गात ती अडखळणारी पोरगी आहे ना, जिला तिची आई स्पीच थेरपीच्या केंद्रात नेते, तिच्याच बाकावर बसते ही," ते म्हणाले होते. "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला!"

आईला तो पाऊण तास म्हणजे भिंतीला पडलेली फट वाटायची. बाबा समोर बसलेले, तेव्हा मनातलं काही बोलायची सोय नव्हतीच. पण निदान कुणीतरी तिला "कशा आहात ताई?" विचारायचं. मुंगी सुधारली की हेही बंद होणार, हे तिला कळत होतं. तो विचार आला की तिची तिलाच लाज वाटायची. पोटची पोर बरी होऊ नये असं आईला वाटावं? शी! मग ती दुप्पट नेटाने तयारी करून घ्यायची.

"जहाज म्हण."

"ज... ज... ज..."

"घाई नको. आधी श्वास सोड, मग शब्द."

"आ-आई, मी ब-बरी झाले की म-मॅडम येणार नाहीत?"

"नाही येणार. चांगलंच आहे की ते!" आई हसली, पण ते हसू काही तिला जमलं नाही.

आजचं दहावं सेशन. पुढे चालू ठेवायचं की थांबवायचं, ते आज ठरणार होतं.

चार वाजता मॅडम आल्या, "कशा आहात ताई?" झालं, कार्डं सुरू झाली. मॅडमनी पडद्यावर एक चित्र धरलं आणि मुंगी खुदकन हसली.

"जिराफ टबात बसलाय! बघा, जिराफ!"

बाबा खुर्चीतून उठले. "झालं की! बोलली! आता बंदच करू या हे, मॅडम."

आईने टाळी वाजवली. खरंच भरून आलं होतं तिला. पण टाळी वाजवून झाली तशी तिची नजर बाबांच्या हातांकडे गेली. लॅपटॉप मिटला की संपलं, पुन्हा नुसतं घर आणि कुलूप. मुंगी तिच्याकडे टक लावून बघत होती.

"शाब्बास! आता पुन्हा म्हण," मॅडम म्हणाल्या.

"जि... जि... जि..."

मुंगीच्या मानेच्या शिरा तटतटल्या, डोळ्यांत पाणी आलं, पण पुढचं अक्षर काही येईना. दहा आठवड्यांत इतकं कधी अडलं नव्हतं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "सर, हे पडद्यावरून व्हायचं नाही. सोमवारपासून केंद्रात आणा, आठवड्यातून दोनदा. आणि आईंनीच यायचं, कारण घरी सराव त्या घेतात. शाळेला मी तसं कळवते."

"मी आणीन की."

"सकाळी अकराची वेळ आहे. तुम्ही ऑफिसात असाल."

शाळेला कळवणार म्हटल्यावर बाबांना मान डोलवावीच लागली. चारचौघांतल्या नावाला फार जपायचे ते. "दोन तासांत परत यायचं," लॅपटॉप मिटत ते आईला म्हणाले आणि फोन लावायला आतल्या खोलीत गेले.

आई मुंगीसमोर खाली बसली. तिचे डोळे पुसत म्हणाली, "रडू नको गं राणी. सोमवारी जाऊ आपण. तिथे तू नक्की बरी होशील."

मुंगीने आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं, आईच्या कानाशी तोंड नेलं आणि एका दमात, एकाही अक्षरावर न अडखळता म्हणाली, "आई, सोमवारी तिकडे जायचंच नाही. सरळ मावशीकडे जायचं, तिचा पत्ता पाठ आहे मला."