पूजेतली वही

महानंदाबाईंनी आपल्या चौदा वर्षांच्या जुन्या गाडीच्या बॉनेटवर कागद पसरला आणि तो वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर लिंबू ठेवलं. ते लिंबू खरं तर चाकाखाली जायचं होतं. पण आज आयुधपूजा होती, अवजारांची आणि गाड्यांची पूजा, आणि शिवाजीनगरच्या त्या गॅरेजात लिंबांना तोटा नव्हता.

"कृष्णाजी अण्णा, आधी हे बघा, मग पूजा," त्या म्हणाल्या. "नवी गाडी घ्यायची आहे. दहा वर्षांचा हिशेब मांडलाय. इकडे इलेक्ट्रिक, इकडे पेट्रोल. गाडीची किंमत, रोजचं राजाजीनगर ते बेळ्ळंदूर जाणं-येणं, आठ वर्षांनी बॅटरी बदलणं, सगळं धरलंय. पेट्रोल दहा हजारांनी स्वस्त पडतंय. तुम्ही सरी, बरोबर आहे म्हणालात की उद्या दसऱ्याला पेट्रोलची बुक करते."

कृष्णाजींनी कुंकवाची बोटं पुसली आणि चष्मा लावला. पलीकडे त्यांचा मुलगा हर्ष जॅकला झेंडूची माळ घालत होता. त्याचे हात मघाशी 'इलेक्ट्रिक' ऐकून थांबले होते. या वर्षात तीन जुनी गिऱ्हाइकं इलेक्ट्रिक गाड्या घेऊन गेली, ती परत फिरकली नव्हती. आणि महानंदाबाई म्हणजे एक गिऱ्हाईक नव्हे. त्यांच्या गल्लीतल्या नऊ गाड्या त्यांच्या शब्दावर इथं यायच्या. बाई जे घेतील, तेच गल्ली घेणार. दहा हजारांचा आकडा ऐकून हर्षचा जीव भांड्यात पडला.

कृष्णाजी बोट फिरवत एकेक ओळ वाचत होते. पेट्रोलचा भाव बरोबर, विजेचा बरोबर, बॅटरीही मोकळ्या हातानं महाग धरलेली. हिशेब चोख होता. शेवटून दुसऱ्या ओळीवर बोट थांबलं. पेट्रोल गाडीची देखभाल: पंच्याऐंशी हजार.

"हा आकडा कुठून आणलात, अक्का?"

"तुमच्याच बिलांवरून. चौदा वर्षांची सगळी बिलं जपून ठेवलीत, त्यावरून दहा वर्षांचं काढलं."

बिलात बाईंनी दिलेले पैसे होते. गाडीवर झालेलं काम गॅरेजच्या वहीत होतं. आणि वही समोरच्या लाल कापडावर, पान्यांच्या शेजारी, कुंकू लावून पूजेला मांडलेली होती.

त्यांची नजर तिकडे गेलेली हर्षनं पाहिली. "अप्पा," तो हळूच म्हणाला, "पूजेला ठेवलेली वही आज उचलायची नसते."

खरंच होतं ते. चाळीस वर्षांत या दिवशी कृष्णाजींनी साध्या स्क्रू ड्रायव्हरला हात लावला नव्हता. बंद पडलेली गाडी दारात आली, तरी उद्या या म्हणून सांगितलं होतं. शिवाय गप्प बसण्यात खोटं असं काही नव्हतं. हिशेब बाईंनी स्वतः मांडला होता. मोह झाला नाही असं कृष्णाजी स्वतःही म्हणाले नसते.

मग त्यांनी हात जोडले, वरची फुलं बाजूला केली आणि वही उचलली.

"दोन हजार सोळा. क्लच प्लेट. पार्टचे पैसे घेतले, मजुरी नाही. त्याच वर्षी रेडिएटर. मजुरी नाही. सतरा, टायमिंग बेल्ट. मजुरी नाही." ते उभ्यानंच वाचत गेले. महानंदाबाई आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

"पण का, अण्णा?"

"सुम्ने, उगीच. चांगली ठेवलेली गाडी. हात लावायला बरं वाटायचं." त्यांनी पूजेतलं पेनही उचललं आणि पंच्याऐंशी हजारांवर काट मारली. "इथं अडीच लाख लिहा. बाहेर दाखवाल तर तेवढे पडतील. मी आता चौसष्टचा झालो. दहा वर्षं मला धरून हिशेब करू नका."

"मग इलेक्ट्रिक स्वस्त पडते."

"रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्याला पडतेच. घरी चार्जिंगला जागा आहे तुमच्या. बेलाशक घ्या."

महानंदाबाईंनी कागदाची घडी केली. "त्या गाडीला तेल नाही, क्लच नाही. मग मी इथं कशाला येणार?"

"टायर आहेत ना? ब्रेक आहेत, शॉक अब्सॉर्बर आहेत. बेळ्ळंदूरचा खड्डा काही गाडी कशावर चालते ते विचारत नाही, अक्का."

बाईंना हसू आलं. कृष्णाजींनी चार चाकांखाली चार लिंबं ठेवली, गाडीवरून कोहळा उतरवून रस्त्यावर फोडला. गाडी लिंबांवरून पुढे गेली आणि गर्दीत मिसळली.

हर्ष अजून तिथंच उभा होता. "अप्पा, नऊ गाड्या होत्या आपल्याकडे."

"आहेत," कृष्णाजी म्हणाले आणि वही त्याच्या हातात दिली. "उचललीच आहे, तर लिहूनही टाक. नवं पान घे. महानंदा अक्का, नवी गाडी. नंबरची जागा मोकळी सोड."

हर्षनं लिहिलं. खाली अक्कांच्या जुन्या पानावर होते तसेच रकाने आखले: तारीख, काम, पार्ट.

"आणखी एक आख," पान्यांवर फुलं परत ठेवत कृष्णाजी म्हणाले. "मजुरीचा."