एकच हात

बसस्टॉपमागच्या सार्वजनिक वाफ्यात कुमुदताईंनी तोंडल्याला हात लावला, आणि ते अलगद सुटून तळहातावर पडलं.

"अगंबाई, ओळखलं की तुम्हाला वेलानं!" शेजारच्या वाफ्यातल्या पारखीबाई आनंदानं म्हणाल्या.

रस्त्यावरच्या भाजीची चोरी होऊ नये म्हणून हे नवे वेल पाणी घालणारा एकच हात लक्षात ठेवत आणि त्याच हातात फळ सोडत. हा वेल तेजूचा. ती गेल्यापासून, लेकीचं तेवढं तरी हिरवं राहावं म्हणून, कुमुदताई रोज पाणी घालत होत्या. तोंडली ओढूनही सुटत नव्हती, त्याचंच त्यांना बरं वाटायचं.

त्यांनी ते तोंडलं पुन्हा देठाला टेकवून धरलं.

"मीच पाणी घालघालून पुसलं हो तिला."