दुर्गाबाईची कोकणी खाणावळ

"आले! आपल्याच बोळीत वळून राहिले," नत्थुजी मागच्या दारानं घाईघाईनं आत शिरत म्हणाला.

दुर्गाबाईनं चुलीवरून नजर काढली नाही. "कोन आले?"

"भगवंतराव. पेढीवाले."

आमटी ढवळणारा तिचा हात तिथंच थांबला.

आज ना उद्या हे होणार, हे नवराबायकोला ठाऊक होतं. १८६४ सालचा हिवाळा होता. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली होती, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला होता आणि इकडे वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला होता. अमरावतीच्या बाजारात गाड्या मावत नव्हत्या. कापूस विकून मोकळा झालेला शेतकरी खुशीत असे. नवं काही दिसलं की घ्यावं, नेसावं, खाऊन पाहावं, असं त्याला होई. समुद्राकडची माणसं खातात तरी काय, हेही त्याला पाहायचं होतं. म्हणून दुर्गाबाईनं कोकणी खाणावळ काढली आणि पहिल्याच महिन्यात तिला पाट कमी पडले.

दुर्गाबाईनं समुद्र पाहिला नव्हता. तिचं माहेर वर्धा नदीच्या काठचं, आणि कौंडण्यपूरच्या जत्रेपलीकडचं जग तिला माहीत नव्हतं. शेजारी एक रत्नागिरीची बाई चार महिने राहून गेली होती. तिच्याकडून दुर्गाबाईनं चार पदार्थांची नावं उचलली आणि 'मले' सोडून 'मला' म्हणायला शिकली. पुढे कोकम मिळेना, तर तिनं अंबाडीची लाल बोंडं उकळली. ओला नारळ कुठला आणायचा? तीळ आणि जवस वाटून लावले. फोडणी मात्र आईची, लसूण चांगला करपेपर्यंत. जेवणारे मिटक्या मारत म्हणत, "वा! समुद्राची चवच न्यारी."

भगवंतरावांपुढे हे चालणार नव्हतं. ते मुंबईच्या एका कापसाच्या पेढीचे इथले कारकून. तोलावर माणूस कोकणातलाच हवा, ही मालकांची अट. वऱ्हाडातल्या माणसाला त्या पेढीवर गठाणी उचलण्यापलीकडं काम नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी भगवंतराव राजापूरहून येऊन तिथं बसले आणि तेव्हापासून गावाकडचं जेवण शोधत होते. अकोल्यात तीन ठिकाणी जेवले, अमरावतीत पाच. प्रत्येक वेळी हात धुऊन, मान हलवून एवढंच म्हणत, "आमच्याकडचं नव्हे हे." त्यांच्या या एका वाक्यानं राजापेठेतल्या एकानं खाणावळ मोडून कडबा विकायला घेतला होता.

"मी सांगतो, आज जेवन संपलं म्हनून," नत्थुजी म्हणाला.

"अन् उद्या? तुमी पाट मांडा."

भगवंतराव पाटावर बसले. चाळिशीचे, अंगानं रोड, पांढरंशुभ्र उपरणं. दाराशी आठ-दहा शेतकरी जमले. त्यातला शेषराव तर पायरीवरच ठाण मांडून बसला. तमाशा बघायला मिळणार, असं सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं.

दुर्गाबाईनं वाढलं. भात, आमटी, वालाची उसळ, लाल सार.

"आपण कोकणात कुठल्या?" भगवंतरावांनी विचारलं.

"रत्नागिरीजवळच्या. समुद्राच्या काठी. आपण राजापुरात कुठं?"

"नदीपलीकडं."

"असं होय."

"हो."

दुर्गाबाई लगबगीनं दाराआड गेली.

भगवंतरावांनी आमटीभात कालवला. पहिला घास घेतला आणि हात ताटातच राहिला. मग त्यांनी सार ओंजळीत घेऊन ओरपलं. पुन्हा घेतलं. नंतर ते भराभर जेवू लागले, खाली मान घालून, कुणाकडे न पाहता. दुर्गाबाई दाराआडून बघत होती. त्यांचे डोळे भरून आलेले तिला दिसले. तिखट झालं, तिच्या मनात आलं. आता उठतील आणि मान हलवतील.

भगवंतराव उठले. हात धुतले. पायरीवर येऊन उभे राहिले.

"मंडळी," ते म्हणाले, "आठ महिने मी वणवण फिरलो. माझ्या घरचं जेवण मला आज मिळालं. अगदी आईच्या हातचं. शपथेवर सांगतो."

"शाब्बास, दुर्गाबाई!" शेषराव ओरडला आणि त्यानं डोक्यावरचं पागोटं वर उडवलं. "आता आमाले बी वाढा! पंगतच बसवा!"

हां हां म्हणता ओटा भरला. कुणी पत्रावळी वाटू लागलं, कुणी पाणी आणायला विहिरीकडे पळालं. नत्थुजीला हसावं की रडावं ते कळेना. दुर्गाबाई आत जाऊन चुलीपाशी मटकन बसली आणि पदरात तोंड खुपसून खुदुखुदू हसली. कसा बाई हा कोकणातला माणूस! जवस कळलं नाही, बोंडं कळली नाहीत!

दारात सावली पडली. ती दचकून उठली. भगवंतराव रिकामी वाटी घेऊन उभे होते. त्यांनी मागं वळून ओट्याकडं पाहिलं, कुणी ऐकत नाही अशी खात्री करून घेतली आणि वाटी पुढं केली.

"थोडं अजून वाढा, बाई," ते हळूच म्हणाले. "माही माय गेली तवापासून असं जेवलो नोतो. आमी दर्यापूरकडचे, इथून पंधरा कोसावरचे. पन पेढीवर कोनाले सांगू नोका."